पंधरावी होडी

घोटीव कागदावर अक्षर काढायचं तर ते मागच्या पांढऱ्या बाजूने काढावं लागतं, आणि तेही उलटं. मग कापून कागद फिरवला की रंगीत बाजू वर येते, अक्षर सुलट दिसतं आणि पेन्सिलीची रेघ कुणाला दिसत नाही. नलूमावशीला हे इतकं अंगवळणी पडलं होतं की उलटा ‘क’ आणि सुलटा ‘क’ तिला सारखेच ओळखीचे वाटत.

डिलाईल रोडवरच्या त्या शाळेत ती मावशी म्हणून लागली तेव्हा तीस वर्षांची होती आणि पगाराच्या कागदावर अंगठा उठवत होती. नवऱ्याची गिरणी कधीच बंद पडली होती, पदरात सहा वर्षांचा राजेश होता. तेव्हा पहिलीला अनुजाबाई होत्या. जून महिन्यात वर्गातला बोर्ड सजवताना त्यांनी नलूच्या हातात कात्री दिली.

“वाचता येत नाही ना? मग कापा,” त्या म्हणाल्या.

बाई मागून अक्षर काढून द्यायच्या, नलू कापायची. ‘अ’चं पोट कुठे वळतं, ‘ज्ञ’ला कुठे जपून फिरवायचं, हे आधी तिच्या बोटांना कळलं आणि मग डोळ्यांना. दुसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये बोर्डावरची सगळी नावं तिने मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हा अनुजाबाईंनी वर्गातल्या मुलांकडून तिच्यासाठी टाळ्या वाजवून घेतल्या. ती लाजून बादली उचलून बाहेर पळाली होती.

पहिलीच्या बोर्डावर दरवर्षी होड्या असत. खाली निळ्या कागदाचं पाणी, वर प्रत्येक मुलाची एक होडी आणि होडीवर मुलाचं नाव. पहिल्या दिवशी मूल रडत आलं की नलूमावशी त्याचं बोट धरून त्याच्या होडीपाशी न्यायची आणि ते बोट नावावरून फिरवायची. “ही तुझी. आता तू आमचो,” असं म्हणायची. हजेरीपटावर नाव मागाहून चढायचं. होडी लागली की मूल शाळेचं झालं, असं सगळे धरून चालत. एकदा लावलेली होडी दिवाळीच्या सुट्टीपर्यंत कुणी काढायची नाही, हाही तिथला नेम.

पूर्वी चाळीस चाळीस होड्या लागायच्या, दोन दोन रांगा करून. मग तीस झाल्या. गेल्या वर्षी एकोणीस होत्या. यंदा शाळेच्या ट्रस्टने सांगून टाकलं, पहिल्या दिवशी पंधरा मुलं वर्गात बसलेली दिसली तर पहिली उघडेल. नाहीतर आलेली मुलं ट्रस्टच्या नायगावच्या शाळेत जातील आणि इथली पहिली बंद. मोजायला ट्रस्टचे शामराव स्वतः येणार होते.

पहिली बंद झाली की पुढच्या वर्षी दुसरी बंद होणार, हे सांगायला कुणी लागत नव्हतं.

म्हणून सगळा मे महिना पहिलीच्या मेघनाबाई आणि नलूमावशी चाळीचाळींतून फिरल्या. काही चाळी पाडायला घेतलेल्या, माणसं लांब लांब पांगलेली. जी होती ती पाणी द्यायची, पंखा लावायची, आणि मुलाला कुठे घातलंय ते सांगताना दुसरीकडे बघायची. फिरून फिरून मुलं मिळाली चौदा.

शाळा उघडायच्या आधीच्या बुधवारी दोघी बोर्ड सजवत होत्या. मेघनाबाई स्टुलावर चढून टाचण्या मारत होत्या, नलूमावशी खाली बसून होड्यांवर नावं चिकटवत होती.

“मावशी, चौदाच. एक कुठून आणायचं?”

“पंधरावी माझी स्पृहा.”

मेघनाबाई स्टुलावरून खाली वाकल्या. “खरं? राजेश तयार झाला?”

“म्हणाला, बघू आई.”

“बघू?” मेघनाबाई हसल्या. “माझा नवरा ज्याला ज्याला बघू म्हणाला ते लग्नापासून आजपर्यंत झालेलं नाही. बाथरूमचा नळसुद्धा.”

“माझो झील तसलो नाय. याच शाळेत शिकलाय तो. याच वर्गात, त्या खिडकीपाशी बसायचा. फटके पण इथेच खाल्लेत.”

नातीच्या नावाला तिने केशरी कागद राखून ठेवला होता. ‘स्पृ’ कापायला तिला पाऊण तास लागला. इतकं नाजूक जोडाक्षर तिने आजवर कापलं नव्हतं. एकदा ‘प’ची मान तुटली, तर तिने कागद टाकून पुन्हा नव्याने कापलं. होडी लागल्यावर ती लांब जाऊन उभी राहिली आणि पदराने घाम पुसत बघत राहिली.

मुख्याध्यापक रघुवीर सर आले, बोटाने होड्या मोजल्या आणि तिथूनच त्यांनी फोन लावला. “पंधरा झाली, शामराव. हो, नावं बोर्डावर लागली. या सोमवारी.”

गुरुवारी संध्याकाळी नलू घरी आली तर सून आकांक्षा गॅसपाशी होती आणि स्पृहा खाटेवर बसून मोबाइल बघत होती. आकांक्षाने चहा दिला. मग बराच वेळ ओटा पुसला. मग म्हणाली, “आई, एक काम होतं. तुमचा हात चांगला आहे म्हणून.”

“बोल ना गो.”

“अक्षरं कापायची आहेत. शाळेतून मेसेज आलाय, पालकांनी वर्गाच्या बोर्डासाठी काहीतरी करून आणायचंय. आपल्याला वेलकम आलंय.”

“कसली शाळा?”

आकांक्षाने मोबाइल पुढे केला. पडद्यावर इंग्रजी अक्षरं होती, मोठी, रंगीत. नलूने ती बघितली. तिला त्यातलं एकही ओळखता येईना.

“दादरची,” आकांक्षा हळू आवाजात म्हणाली. “ॲडमिशन एप्रिलमध्येच झाली, आई. हे म्हणाले, मी सांगतो आईला. मला वाटलं सांगितलं असेल.”

राजेश आला तेव्हा नलू तशीच भिंतीला टेकून बसली होती. त्याने बूट काढता काढता बायकोच्या तोंडाकडे पाहिलं आणि ओळखलं.

“आई, मी सांगणार होतो.”

“मी नाव लावलंय रे, बोर्डावर.”

“कुणी सांगितलं होतं लावायला? मी हो म्हणालो होतो?”

“बघू म्हणालास.”

“मग? बघू म्हणजे काय?” तो चिडला आणि लगेच खाली बसला. लोअर परळला जिथे त्याच्या बापाची गिरणी होती तिथल्या काचेच्या इमारतीत तो हाऊसकीपिंग बघत होता, अकरा वर्षं. “आई, ऐक. मागच्या महिन्यात सुपरवायझरची जागा निघाली. माझ्या हाताखाली शिकलेल्या पोराला दिली. का, तर तो साहेबाशी फाडफाड बोलतो. मला सगळं काम येतं, बोलायला उभा राहिलो की घाम फुटतो. माझं झालं ते झालं. तिचं नको.”

“माझ्या शाळेत काय वाईट शिकवतात?”

“वाईट कोण म्हणतंय? तू मला शिकवलंस, मी काय नाकारतोय?” “पण तू उद्या नसशील तिथे, आणि ती शाळाही नसेल. मग मी पोरीला घेऊन कुठे जाऊ?”

तो खोटं बोलत असता तर भांडायला बळ आलं असतं.

तिने कात्री मागितली. मोबाइल समोर ठेवून घोटीव कागदाच्या मागून एकेक अक्षर काढलं आणि कापलं. हात सवयीने चालत होता, पण बोटांना काही कळत नव्हतं. कुठलं पोट, कुठली मान, काही नाही. सगळी ओळीने लावली तेव्हा स्पृहा खाटेवरून उतरून आली.

“आजी, हा एल उलटा झालाय!”

“खंयचो गो?”

“हा. असा नसतो. तुला एल पण येत नाही?”

“स्पृहा!” आकांक्षा ओरडली.

“ओरडू नको तिला,” नलू म्हणाली. समोर बघून काढलं होतं तसंच मागून काढलं गेलं, उलटं करायचं राहिलं. बाकीची अक्षरं कशीही फिरवली तरी बसत होती, म्हणून चूक तेवढी एकाच अक्षरात दिसली. सत्तावीस वर्षांत तिचं अक्षर पहिल्यांदा उलटं पडलं होतं. तिने नवा कागद घेतला. “दाखव बघू, कसा असतो तो.”

शुक्रवारी ती सांगायचंच ठरवून शाळेत गेली. मेघनाबाई वर्गाच्या दारात तोरण बांधत होत्या. तिला बघून म्हणाल्या, “मावशी, महिन्याभराने काल शांत झोप लागली मला. तुमच्या नातीचे उपकार.” नलू तोंड उघडून उभी राहिली आणि शेवटी म्हणाली, “झाडू खंय ठेवलाय कोण जाणे.” दिवसभर ती शब्द जुळवत राहिली. संध्याकाळी वर्ग रिकामा झाल्यावर केशरी होडीच्या टाचणीला तिने नख लावलं. टाचणी अर्धी वर आली. मग अंगठ्याने तिने ती पुन्हा आत दाबली. अजून शनिवार, रविवार होता. एक मूल मिळालं तर त्याचं नाव इथे येईल आणि कुणाला काही सांगावं लागणार नाही.

रविवारी ती धनेशकडे गेली. धनेश शेजारच्या चाळीतला, राजेशचा वर्गमित्र. त्याची मुलगी सहा वर्षांची, अजून कुठे घातली नव्हती अशी खबर होती. मे महिन्यात तो घरी सापडला नव्हता. नलूने शाळेचं सगळं सांगितलं. जवळ आहे, रस्ता ओलांडायला नको, मी आहे लक्ष ठेवायला, मेघनाबाई जीव लावतात. धनेशने मान हलवत सगळं ऐकून घेतलं.

“मावशी, सगळं पटतं गं. एक विचारू? रागावणार नाहीस?”

“विचार.”

“स्पृहाला कुठे घातलीत तुम्ही?”

नलूने पदर सारखा केला.

“राजेश भेटला होता मला. फॉर्म त्यानेच आणून दिलाय, तिथलाच.” धनेश ओशाळला. “चहा घेऊन जा, मावशी. असा काय चेहरा करतेस?”

ती चहा प्यायली. नाही म्हणायचंही तिच्या अंगात उरलं नव्हतं.

सोमवारी आकांक्षा स्पृहाला नवा निळा फ्रॉक आणि टाय घालून घेऊन गेली. हातात अक्षरांची पिशवी होती. स्पृहाने जिन्यावरून आजीला हात केला. नलूने केला, आणि शाळेत गेली.

चौदा मुलं आली. एकही गळलं नाही. कुणी रडत, कुणी आईच्या ओढणीला धरून. नलूने प्रत्येकाचं बोट होडीवरून फिरवलं, पण तिच्या तोंडून दरवर्षीचे शब्द निघाले नाहीत. मेघनाबाई दाराकडे बघत होत्या. दहा वाजता शामराव आले. साठीचे गृहस्थ, हसतमुख. त्यांनी आधी बोर्ड पाहिला. “वा! सुंदर.” होड्या मोजल्या, मग डोकी मोजली, मग पुन्हा डोकी मोजली.

“एक कमी आहे, सर.”

रघुवीर सर पुढे आले. “येईल ती. मावशींचीच नात आहे. मावशी, कुठाय स्पृहा? उठली नाही काय अजून?”

मुलं बघत होती. मेघनाबाई बघत होत्या. ताप आलाय, एवढे दोन शब्द नलूच्या जिभेवर येऊन उभे राहिले. पण मग उद्या काय, परवा काय?

“येणार नाय ती,” नलू म्हणाली. “दुसरीकडे घातली. माका गुरुवारीच कळला.”

“गुरुवारी?” मेघनाबाई एवढंच म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खिडकीकडे वळल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या.

“चौदा आहेत, साहेब. चौदा काय कमी झाली?” नलू शामरावांच्या समोर जाऊन उभी राहिली. “पुढच्या मार्चात मी रिटायर होणार. तेवढा तरी चालवा.”

“मावशी, माझ्या हातात असतं तर...” शामरावांना खरंच वाईट वाटत होतं. त्यांनी तिला हात जोडले. मग त्यांनी कागद काढला. कागद आधीच टाइप केलेला होता, फक्त आकडा भरायची जागा मोकळी होती.

सुट्टीत मुलांच्या आयांना सांगून झालं. उद्यापासून नायगाव. एक आई म्हणाली, “मग आम्ही एवढ्या लांब कशाला पाठवू? त्यापेक्षा...” आणि पोराचं दप्तर उचललं. नलूने बोर्डावरच्या होड्या काढायला घेतल्या. दिवाळीच्या आधी होडी काढायची तिची ही पहिलीच वेळ. चौदा होड्या चौदा हातांत दिल्या. एका पोराने लगेच तिची घडी घालून खिशात टाकली. पंधरावी तिने पिशवीत ठेवली.

घरी आल्यावर तिने ती स्पृहाला दिली.

“हे काय आहे आजी?”

“तुझं नाव.”

स्पृहाने होडी आडवी धरली, उभी धरली. “कुठून वाचायचं?”

नलूने तिचं बोट धरलं आणि ‘स्पृ’वर ठेवलं. बोट जेमतेम ‘प’पर्यंत आलं असेल, तोच आकांक्षा आत आली. चेहरा फुललेला होता, पण सासूकडे बघून तिने तो आवरला.

“आई, टीचरना अक्षरं फार आवडली. सगळ्यांना दाखवली. कोणी कापली म्हणून विचारत होत्या.” ती थांबली. “पुढच्या बोर्डाला प्राणी हवेत म्हणाल्या. वीस. तुम्हाला जमणार असेल तर. नाही म्हटलं तरी चालेल.”

स्पृहा बोट सोडवून घेऊन आईकडे धावली होती. होडी खाटेवर पडली होती. नलूने ती उचलून ट्रंकेवर ठेवली आणि कात्री कुठे आहे ते बघितलं.

“कधीपर्यंत हवेत?” तिने विचारलं.