गाळलेला नामघोष

संग्रहालयाच्या भुयारात शिरताना ओल्या सिमेंटचा वास मासुएच्या नाकात गेला. संत्र्यांच्या बागांची अख्खी टेकडी पोखरून हे उभं केलं होतं. शेजारीण इसोकोने उघड्या भिंतीवरून हात फिरवला.

"गिलाव्याआधीच पैसे संपले वाटतं यांचे!"

"हळू बोल. ऐकायचंय मला."

मासुए आली होती ती नवऱ्याचा आवाज ऐकायला. इवाओ जाऊन बरीच वर्षं झाली होती. बेटावरच्या देवळात म्हातारे भिक्षू गाऊन प्रवचन करीत. सूर वर चढवून त्यांनी श्वास घेतला, की सारी सभा "नामांदाबु" म्हणत अमिदा बुद्धाचं नाव घेई. इवाओचं नाव मात्र दरवेळी सगळ्यांच्या मागून, घोगरं, एकटंच यायचं. लोक हसायचे. भिक्षू म्हणायचे, "इवाओची होडी लागली धक्क्याला, आता पुढे जाऊ."

भिक्षू गेले, देऊळ बंद पडलं. उरली त्या प्रवचनाची एक कॅसेट, तीही मासुएकडे, आणि ती वाजवायचं यंत्र खाऱ्या हवेने केव्हाच गंजलेलं. तोक्योहून आलेला किर्यू नावाचा कलावंत तिच्या ओसरीवर बसून बरणीभर मुळ्याचं लोणचं फस्त करत म्हणाला होता, "द्या आजी. आमच्या संग्रहालयात हा आवाज जिवंत राहील." तिने दोन्ही हातांनी दिली.

दालनात पाहुणे आडवे पसरले होते, आवाजाच्या दिशेला मोज्यांचे पाय करून. एक चक्क घोरत होता. आणि वरून भिक्षूंचा सूर आला, तसाच, पाझरणारा: "आई काठावर उभी आहे रे, दिवा घेऊन उभी आहे..."

श्वास. मासुएने मान पुढे केली.

काहीच नाही. चाटूनपुसून ठेवलेल्या माशाच्या काट्यासारखी कोरडी शांतता. पुढच्या श्वासालाही तेच.

किर्यू दाराशीच होता. "कसं वाटलं, आजी?"

"माणसं कुठे गेली?"

"कुठली माणसं?"

"नाव घेणारी."

"हां, तो गोंगाट! गाळला की. खोकले, कुजबुज, शिवाय मागून कोणीतरी एक बेसूर... आता जी पोकळी उरलीय ना, तीच खरी कलाकृती."

"माझी कॅसेट द्या," मासुए म्हणाली.

किर्यूने कौतुकाने तिला शेजारच्या खोलीत नेलं. कॅसेटची फीत तुकडे तुकडे होऊन छताला लोंबत होती, जाळ्यात अडकून कुजलेल्या शेवाळासारखी. दोन मुली तिच्यात गाल घुसवून फोटो काढत होत्या.

"हात नका लावू हं," किर्यू हसून म्हणाला.

"लोणचं खाल्लंस ते खाल्लंस," इसोको कडाडली, "वर बरणीही फोडलीस की रे!"

बाहेरची वाट दालनातूनच होती. सूर पुन्हा चढला, श्वास आला, आणि मासुएच्या तोंडून आपोआप निसटलं, "नामांदाबु." राखणदारीण बाईने ओठांवर बोट ठेवलं. तिच्याकडे बघून इसोकोने मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "नामांदाबु!" पाहुणे उठून बसले. फोन वर झाले. किर्यू धावत आला, त्याचे डोळे भरले होते.

"अप्रतिम! दर रविवारी याल का? इथेच, बरोबर या जागी उभं राहायचं!"

मासुएला शिसारी आली. कोणीतरी तोंडात बोट घालून घास काढून घ्यावा तसं झालं. पुढचा श्वास आला. सगळे फोन तिच्यावर रोखलेले. तिने ओठ घट्ट मिटले आणि ती चालू लागली.

घरी येऊन तिने खळखळून चूळ भरली, साबणाने तळपाय घासले, देव्हाऱ्यापुढे उदबत्ती लावली.

"इसोको, भिक्षूंचं ते तू म्हण."

"मी? माझा गळा म्हणजे कढईत उलथनं."

"म्हण गं."

इसोकोने कसाबसा सूर लावला. आई काठावर उभी राहिली, दिवा आला, श्वास आला. "नामांदाबु," इसोको म्हणाली.

मासुए थांबली. मग घोगऱ्या आवाजात, एकटीच म्हणाली, "नामांदाबु."

"उशीर केलास."

"होडी आत्ता लागली," मासुए म्हणाली. "आता पुढे."