डोळे तेवढे करून जाऊ दे

शनिवारी सकाळी आमच्या हॉलमधल्या गणपतीला डोळे नव्हते. सोंड, कान, पोटावरचा नाग, सगळं रंगवून झालं होतं. डोळ्यांच्या जागी नुसता पांढरा रंग. इरा जाता-येता त्याच्यापुढे हात हलवून बघायची आणि मला येऊन सांगायची, "ही कान्ट सी मी येट." चार वर्षांची आहे. मी मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीतच.

डोळे निनाद करणार होता. दरवर्षी आदल्या दिवशी तोच करतो. निनाद हा माझ्या नवऱ्याचा, वरदचा, पुण्याचा कॉलेजमित्र. इथे आखातात, रास अल खोर भागातल्या एका फर्निचरवाल्याकडे डिझाइनचं काम करतो. शाडूची माती कुणाच्या तरी बॅगेतून येते, आणि मग दर शुक्रवारी तो आमच्या फ्लॅटवर येऊन मूर्ती घडवतो. इराला उरलेल्या मातीचे उंदीर करून देतो. मला भाऊ नाही, राखी मी त्यालाच बांधते.

आरतीही तोच सांगतो. इथे झांजा नाहीत. दार-खिडक्या लावून, टाळ्यांवर, हलक्या आवाजात म्हणायची. हॉलभर माणसांना हळू गायला लावणं सोपं नसतं, पण निनादच्या आवाजाच्या वर कुणी जात नाही.

या उन्हाळ्यात छायावहिनींनी त्याच्यासाठी आपल्या भाचीचं स्थळ आणलं. वहिनींचे यजमान राजाभाऊ म्हणजे वरदचे साहेब, आणि आमच्या गणपतीचे सर्वेसर्वा. निनाद टाळत राहिला. वहिनी ऐकेनात, तेव्हा त्याने खरं काय ते सांगून टाकलं. मुलीचं आयुष्य कशाला खराब करायचं, वहिनी, मी हारुनबरोबर राहतो, आणि तो माझा नुसता रूममेट नाही. वहिनी म्हणे नुसत्या "बरं" म्हणाल्या आणि त्याच्यापुढे चहा ठेवला. त्याला वाटलं, समजून घेतलं. मला सांगताना किती हलका झाला होता तो.

शुक्रवारी राजाभाऊंचा वरदला फोन आला. इथे आपल्याला देव घरात बसवू देतात हेच खूप आहे, त्यात यंदा रमजान. असा माणूस आपल्यात उठतो-बसतो हे बाहेर कळलं, कुणी तक्रार केली, की त्याचं तर खलास, पण आपला गणपतीही खलास. मला पर्सनली काही प्रॉब्लेम नाही, असंही ते म्हणाले. मग वरदने विचारलं, मूर्तीचं काय?

"डोळे तेवढे करून जाऊ दे," राजाभाऊ म्हणाले. "हात चांगला आहे त्याचा. आरतीला नको."

घर आपलं आहे, मी वरदला म्हटलं. आपलं कुठे, कंपनीचं, तो म्हणाला. व्हिसाही कंपनीचा. नोकरकपातीत त्यांच्या ऑफिसातली निम्मी टेबलं रिकामी झालीत, आणि उरलेल्यांतलं कोण राहणार ते राजाभाऊ ठरवतात. "मी काय करू, तूच सांग ना शुभ्रा," त्याने इतकं हळू विचारलं, की मला भांडताही येईना.

शनिवारी हरतालिका होती. बायका आमच्याकडेच जमल्या, वहिनींनी कहाणी वाचली. वडिलांनी विष्णूशी लग्न ठरवलं, ते नको म्हणून पार्वती सखीबरोबर रानात निघून गेली, ती.

"वहिनी," मी म्हटलं, "तिनेही आलेलं स्थळ नाकारलंच की."

वहिनींनी पोथीवरून नजर काढली नाही. "ती देवी आहे गं. आपल्याला इथे राहायचंय."

बायका गेल्यावर दुपारी निनाद आला. वरद मखराचं सामान आणायला म्हणून बाहेर पडला तो परतलाच नाही. सांगायचं मीच होतं. मी सरबत केलं, इराला आत नेऊन निजवलं, परत आले. तो श्वास रोखून डाव्या डोळ्याची रेघ ओढत होता, म्हणून पुन्हा थांबले. बाहुली भरून झाली आणि गणपती एकदम माझ्याकडे बघायला लागला. मग सांगितलं.

निनाद ब्रश धूत राहिला. पाणी स्वच्छ झालं तरी धूत होता.

"चतुर्थीला चंद्र बघत नाहीत," तो म्हणाला. "यंदा चंद्र आणि मी, दोघंही वर्ज्य."

मला हसू आलं आणि लगेच रडू. मी म्हटलं, तू ये, दार मी उघडते. त्याने विचारलं, आणि वरद? मी सरबताचे ग्लास उचलायला लागले.

"इफ्तारला पोचायला हवं," तो उठला. "हारुन माझ्याशिवाय खजूर तोंडात घालत नाही." दारात थांबून म्हणाला, "उद्या आरतीला फोन चालू ठेवशील? मी तिकडून म्हणेन. कुणाला कळणार नाही."

रविवारी संध्याकाळची अजान झाल्यावर आम्ही उभे राहिलो. मी त्याला फोन लावला आणि मखराच्या फुलांमागे ठेवला. आरती राजाभाऊंनी सुरू केली, भलत्याच वरच्या पट्टीत. आवाज चढायला लागले. वहिनी हाताने खाली, खाली करत होत्या, कुणी बघत नव्हतं. आणि दुसऱ्या कडव्यात फुलांमागून निनादचा आवाज आला. बारीक, पत्र्याच्या डब्यातून यावा तसा, पण ठाम. एकेक जण नकळत त्याच्यामागे खाली उतरला. टाळ्या जुळल्या.

इराचा चेहरा उजळला. "मामा इज इन देअर," तिने गणपतीकडे बोट दाखवलं.

राजाभाऊ गायचे थांबले. ते फोनकडे वळले नाहीत, वरदकडे वळले. नुसते बघत राहिले. वरदने पुढे होऊन फुलांमागे हात घातला आणि फोन बंद केला. मी त्याचा हात धरला नाही. माझ्या हातात निरांजनाचं ताट होतं, आणि नसतं तरी.

आरती कशीबशी संपली. प्रसाद घेताना बायका म्हणाल्या, यंदा डोळे काय सुरेख झालेत, कुठूनही बघा, आपल्याकडेच बघतो.

सगळे गेल्यावर मी बाल्कनीत जाऊन निनादला फोन केला. तो लगेच बोलला.

"मध्येच लाइन गेली ना?"

"हो," मी म्हटलं. "लाइन गेली."

"जाते कधी कधी. मी इकडे म्हटली शेवटपर्यंत. हारुनने टाळ्या धरल्या. ताल नाही गं त्याला अजिबात."

आतून इरा विचारत होती, मामा कधी बाहेर येणार. वरद मखराची फुलं सारखी करत होता.