दोनशेची बॅटरी आणि देवीचे ताट

सुज्ञ वाचकहो, प्रस्तुत कथेत एका बॅटरीच्या निवडीचा वृत्तांत यथाशक्ती कथन करण्याचे योजिले आहे. विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु मत्सर एकदा मनात शिरला म्हणजे मनुष्य तराजूच्या पारड्यात वस्तू न घालता दुसऱ्या मनुष्यालाच घालून पाहतो, ही गोष्ट पुढील हकिकतीवरून आपल्या ध्यानी येईल.

महाळुंगे गावी रोहिदास आणि सुजित हे दोघे चुलतभाऊ राहत. त्यांच्या वडिलांचे शेताच्या बांधावरून हाडवैर होते. पुढे शेते कंपन्यांत गेली, बांध बुलडोझरखाली गेला; वैर मात्र कोणी संपादित केले नाही, ते जसेच्या तसे वारसांच्या नावे चढले. सुजितने बंगल्याला काचेचा सज्जा काढला, तेव्हा रोहिदासाला कित्येक दिवस अन्न गोड लागले नाही. रोहिदासाने मोठी गाडी आणली, तेव्हा सुजितने पेढा घेतला खरा, पण तोंडात न घालता खिशात ठेवला.

धरणाच्या पाण्यात मासे धरण्याकरिता सुजितने कयाक आणली. कयाक म्हणजे प्लास्टिकची लांबट, अरुंद होडी. हिच्यात मागे-पुढे दोन माणसे बसतात. रोहिदासाने त्याच महिन्यात तशीच कयाक आणली, फक्त रंग अधिक भडक घेतला. त्या मत्सरापासून कोणाचे काही बिघडत नव्हते. परंतु त्या वर्षी देवीचा मान मोकळा झाला.

यांची कुलदेवी एका टेकडीवर होती. धरण भरले तेव्हा टेकडीचे बेट झाले. दरवर्षी दसऱ्याला थोरले चुलते सोनबा लाकडी होडी वल्हवीत आणि त्यांच्या पत्नी शालनबाई मांडीवर नैवेद्याचे ताट घेऊन पुढे बसत. आता सोनबांचे गुडघे गेले आणि होडीही कुजली. ज्याच्या होडीतून ताट जाईल, त्याच्या घरी मान कायमचा राहणार होता.

शालनबाईंनी दोघांना ओट्यावर बसवून सांगितले, “वल्हं मारलं का होडी हेलकावं खाती आन् ताटातलं वरण पदरात येतं. पेट्रोलचं इंजिन न्हाई चालायचं, देवीम्होरं धूर नको. बिनआवाजाची, सरळ जानारी होडी ज्याची, त्याच्यात मी बसंन.”

“इजेची मोटर बसवतो की काकी,” सुजित तत्काळ म्हणाला. “मागं लावायची, ट्रोलिंग मोटर म्हंत्यात तिला. पंख्यावानी फिरती.”

“म्या कवाच बघून ठेवलीया,” रोहिदास म्हणाला. त्याने हे नाव आयुष्यात प्रथमच ऐकले होते.

मोटर दोघांनी सारखीच आणली. प्रश्न राहिला बॅटरीचा; तिच्यात वीज किती मावते, हे तिच्यावरच्या आकड्यावरून कळे. सुजितने आधी आणली. रोहिदासाने वाटेत गाठून सहज विचारल्याचा आव आणला.

“कितीची घेतली रे?”

“शंभरची,” सुजित आभाळाकडे पाहत म्हणाला.

तो शंभराचा आकडा रोहिदासाच्या उरात कुसळासारखा रुतला. आपल्या दारी मान येईल, भावकी आपल्या ओट्यावर चहाला बसेल, ही त्याने मनात रंगविलेली चित्रे त्या आकड्यासरशी काळवंडली. दुसऱ्याच दिवशी तो पिंपळे गुरवला एका लिथियम बॅटरीच्या दुकानात गेला. तेथे तेजस्विनी नावाची अभियंता मुलगी स्वतः बॅटऱ्या जोडून देत असे.

“दादा, पाणी किती लांब आहे?” तिने विचारले.

“सुजितला जेवढं, तेवढंच.”

“होडीत वजन किती असेल?”

“त्याच्यापेक्षा मी वाईच जास्त भरंन.”

“आणि बॅटरी ठेवायला जागा केवढी आहे? मोजून आणलीत?”

“त्याची शंभरची हाय,” रोहिदास म्हणाला.

तेजस्विनीने हातातला पेचकस खाली ठेवला. “दादा, बॅटरी तुम्हाला घ्यायचीय की सुजितरावांना?”

दुकानात बसलेले एक गृहस्थ हसले. रोहिदास हसला नाही. तेव्हा तिने समजुतीने सांगितले की, शिशाच्या बॅटरीहून लिथियमची बॅटरी पुष्कळ हलकी असते आणि शेवटपर्यंत सारखा जोर देते. त्याच्या मोटरला पन्नास अँपिअर-तासाची बॅटरी जाऊन-येऊन पुरून उरेल. आकडा वाढला की ताकद वाढते असे नाही, चालण्याचा वेळ वाढतो. मोटर फार वीज ओढू लागली, तर आतले संरक्षक सर्किट बॅटरी आपोआप बंद करते. “पण आधी जागा मोजा,” ती पुन्हा म्हणाली. “होडीत माणूसही बसायचंय ना?”

हा उपदेश सोन्यासारखा होता. परंतु मत्सराने ज्याचे कान भरले आहेत, त्याच्या कानात दुसरे काय मावणार?

“दोनशेची द्या,” रोहिदास म्हणाला.

खंडेनवमीस, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, या कारखान्यांच्या पट्ट्यातील यंत्रे थांबतात आणि त्यांची पूजा होते. चाकणच्या कंपनीत सुजित आपल्या मशीनला झेंडूचा हार घालीत असे. त्याच रिवाजाने त्याने होडीच्या मोटरला खालपर्यंत लोंबणारा भरघोस हार घातला. रोहिदासाने मोटरीकडे पाहिलेही नाही. त्याने बॅटरीलाच हळदकुंकू वाहिले, तिच्यापुढे नारळ ठेवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यास आकडा दिसावा म्हणून तिचे तोंड रस्त्याकडे केले.

दसऱ्याच्या सकाळी दोन्ही कयाक पाण्याला लागल्या आणि रोहिदासाची चूक उघड झाली. बॅटरीची पेटी बैठकीखाली जाईना. मागे ठेवली, तर स्वतः रोहिदास, मोटर आणि पेटी यांच्या भाराने होडीचे शेपूट पाण्यात बुडे. पुढे ठेवली, तर होडी सरळ राही. परंतु ती जागा काकीची होती.

शालनबाई ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी पेटीकडे पाहिले आणि मग पुतण्याकडे पाहिले.

“रोहिदासा, देवीला ही पेटीच नेतोस व्हय? मग मी घरी जाती.”

“काकी, आमच्यात बसा,” सुजित गोड स्वरात म्हणाला. “आमच्या होडीत मानसांना जागा हाय.”

त्या वाक्याने रोहिदासाच्या सर्वांगाची आग झाली. सुजितची होडी हंसासारखी निघाली. ताट हलत नव्हते. काठावरची भावकी वाखाणू लागली. रोहिदास आपल्या होडीत एकटाच बसून पाहत राहिला आणि, लिहिण्यास संकोच वाटतो, त्याने देवीला प्रार्थना केली की ती मोटर बंद पडू दे.

होडी पाण्याच्या मध्यावर पोहोचली आणि मोटर बंद पडली.

रोहिदासाला झालेला आनंद एका श्वासापुरताच टिकला. वारा होडीला आडवी करून धरणाच्या भिंतीकडे ढकलू लागला. सुजित घाईने वल्हे शोधू लागला, तशी होडी डुलली. शालनबाईंनी ताट उराशी कवटाळले. त्या ओरडल्या नाहीत. त्यांचे न ओरडणे रोहिदासाला सहन झाले नाही. त्याने मोटर सुरू केली आणि तो निघाला.

जवळ जाऊन त्याने पाहिले, तो काढायचा राहिलेला झेंडूचा हार पंख्याभोवती दोरखंडासारखा आवळून बसला होता. पंखा अडला, मोटरीने वीज ओढली आणि संरक्षक सर्किटाने बॅटरी बंद केली होती.

“देवाचा हार, काढू कसा म्हनलं,” सुजित खाली मान घालून पुटपुटला.

“दोर धर,” रोहिदास म्हणाला.

दोर बांधण्याकरिता तो वाकला, तेव्हा सुजितच्या बॅटरीवरचा आकडा त्याला दिसला. पन्नास.

“शंभर म्हनला होतास ना रं?”

“तू इचारलंस तवा तुजं त्वांड असं झालं व्हतं, की पन्नास म्हनवंना.”

“भांडनं बेटावर गेल्यावर करा,” शालनबाई कडाडल्या. “वरण गार होतंय.”

दोनशेच्या बॅटरीने दोन्ही होड्या ओढून बेटाला लावल्या. वरणाचा एक थेंब सांडला नव्हता. पूजा झाली. आता काकी मानाचा नारळ कोणाच्या हाती देते, इकडे रोहिदासाचे डोळे लागले. ओढून कोणी आणले, हे तिने पाहिलेच होते.

शालनबाईंनी नारळ सुजितला दिला.

“ताट ज्याच्या होडीत, मान त्याचा. ठरलं ते ठरलं,” त्या म्हणाल्या. मग रोहिदासाच्या कपाळी भंडारा लावून हळू आवाजात पुढे बोलल्या, “तू आलास, ते देवीनं बघितलं हाय. पन मान घ्यायचा म्हंजी जागा ठेवावी लागती, बाबा.”

 रोहिदास होडीपाशी जाऊन बसला. थोड्या वेळाने नारळ हातात घेऊन सुजितही तेथे आला. त्याचे लक्ष नारळाकडे नव्हते. तो पेटीकडे पाहत होता, आणि ती नजर रोहिदासाने आरशात पुष्कळदा पाहिलेली होती.

“दोन होड्या वढल्या राव हिनं,” सुजित म्हणाला. “कुठनं घेतली? मी पन दोनशेचीच घेतो.”

रोहिदासाच्या मनात आले, घेऊ दे. पुढल्या दसऱ्याला याच्याही होडीत काकीला जागा राहणार नाही. “घे की” हे शब्द अगदी ओठांपर्यंत आले. तोच शालनबाई देवळाच्या पायऱ्या उतरताना दिसल्या. रिकामे ताट त्यांनी दोन्ही हातांनी भरल्या ताटासारखेच धरले होते.

“नको घेऊस,” तो म्हणाला. “मानूस बसत न्हाई मग. तुजी पन्नासची बराबर हाय. हार तेवढा काढत जा.”

 सुजितने नारळ फोडला आणि एक कवड रोहिदासाच्या पेटीवर ठेवली. रोहिदासाने ती खाल्ली. खिशात ठेवली नाही. दुकानाचा पत्ता मात्र सुजितने दोनदा विचारूनही त्याने सांगितला नाही.

येथे ही कथा पूर्ण होते. लेखनात काही न्यून राहिले असल्यास विद्वान वाचकांनी उदार मनाने पदरात घ्यावे. आपण आपला अमूल्य वेळ खर्चून हे वाचले, याबद्दल मी आपणा सर्वांचा अत्यंत आभारी आहे.

आपला नम्र,
चिमाजी गणपत पवळे
मुक्काम महाळुंगे, तालुका खेड