गोल दाराचा उंबरा

सकुबाईने तांदळाचं माप पुन्हा उंबऱ्यावर ठेवलं आणि ते पुन्हा कलंडलं.

"बघ! गोल दाराला कुठं उंबरा असतो गो?" ती लेकीवर कडाडली. "सून यायच्या आधीच तांदूळ सांडलं!"

अनिता दाणे वेचू लागली. ठाण्यात ती लोकांच्या पसंतीप्रमाणे त्यांची घरं सजवून द्यायची. चीनमधल्या जुन्या बागांच्या भिंतींत पूर्ण चंद्रासारखं गोल दार असायचं, आता तेच मुंबईच्या बंगल्यांत मिरवतं, हे तिने आईचं नवं घर बांधताना फोटो दाखवून सगळ्यांना पटवलं होतं. सगळ्यांना म्हणजे आई सोडून. गावात, किन्हवलीत तर या दाराला 'विहीर' असंच नाव पडलं होतं. लग्नात काही वेडंवाकडं झालं, तर दुसऱ्या दिवशी रामू गवंडी येऊन दार चौकोनी करणार, हे सकुबाईने देवासमोर सांगून टाकलं होतं. अनिताने स्वतःच्या डोक्याने केलेलं हे पहिलंच काम.

वाजंत्री दारात आली. नवरीला मधून वाट हवी, म्हणून सकुबाईने माप गोलाच्या उजव्या कडेच्या चढावर टेकवलं आणि हाताने धरून ठेवलं. अनिताचा भाऊ संदेश, त्याच्या शेजारी त्याची नवरी, धसईची कुणाली शालूत घामाघूम उभी होती.

"आई, हात काढा ना. माजा पाय लागंल तुमाला."

"काढला तर पडंल गो."

कुणालीने खाली पाहिलं. मग वाकून तिने स्वतःच माप उचललं आणि गोलाच्या अगदी तळाशी ठेवलं. ते तिथे शहाण्यासारखं बसलं. बायका कुजबुजल्या. तिने उजवा पाय लावला. दोन्हीकडच्या चढामुळे तांदूळ कुठे पांगलेच नाहीत, एका धारेने थेट घरात आले.

सकुबाई दाराबाहेर जाऊन वाकून बघून आली.

"एक दाणा भायेर नाय," ती म्हणाली. तिचा आवाज चांगलाच खाली आला होता. "चिनी लोकांच्या घरातबी सुना येत असतील म्हणायच्या."

अनिता भिंतीला टेकून खाली बसली. इतकं हलकं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

पाहुणे जेवायला बसल्यावर सकुबाई तिच्याजवळ आली.

"रामूला फोन लाव."

"येऊ नको म्हणून सांगू?"

"येऊ दे," सकुबाई पदराने तोंड पुसत म्हणाली. "मागचं दार अजून चौकोनीच हाय."