दोन्या कुकाच्या फाटकापुढची गाडी

दोन्या कुकाच्या फाटकावर लाल अक्षरांत लिहिलं होतं : 'इथे गाडी लावू नये. लावल्यास चाकं फुकटात पंक्चर करून मिळतील.' खाली फुटपाथची कड तिने स्वतःच्या हाताने पिवळी रंगवली होती. चाकं तिने आजवर कुणाची फोडली नव्हती, पण टोइंगवाल्यांचा नंबर तिला मुलाच्या नंबरासारखा तोंडपाठ होता. मेक्सिकोतल्या प्वेब्ला शहराच्या त्या गल्लीत गुरुवारचा बाजार भरला की गाड्यांना जागा पुरायची नाही, आणि टोइंगचा ट्रक कोपऱ्यावर टपूनच बसलेला असायचा.

त्या गुरुवारी तिची सून यारेली दवाखान्यातून परतली ती मैत्रिणीची गाडी घेऊन. घरची गाडी दुरुस्तीला टाकली होती. मागच्या सीटवर दीड वर्षाची आब्रिल. लस टोचल्यापासून पोर सगळी वाट रडली होती आणि आत्ता कुठे, गल्लीच्या तोंडाशी येता येता, हुंदके देत देत झोपली होती. अशा झोपेला हात लावायची हिंमत कुठल्या आईला होते? फाटकाची कडी आतल्या बाजूने, आणि घराचं दार कोपऱ्यावरून वळून पलीकडच्या गल्लीत. यारेलीने गाडी फाटकापुढे लावली, काच दोन बोटं खाली ठेवली, कुलूप लावलं. जायचं, कडी काढायची, गाडी आत घ्यायची. एवढंच.

आत येऊन बघते तर गाडीच्या जागेत सासूबाईंनी संसार मांडलेला. कपड्यांचा टब, निवडुंगाच्या कुंड्या, धुवून उपडी घातलेली पातेली.

"धन्य आहे बाई यांची," असं पुटपुटत यारेली एकेक वस्तू बाजूला सारायला लागली.

तेवढ्यात बाहेर कर्ण्यावर कुणीतरी गाडीचा नंबर पुकारला. "मालकाने ताबडतोब यावं!" पुन्हा तोच नंबर. आणि पुन्हा.

'भरली कुणाची तरी घटका,' यारेलीच्या मनात आलं, आणि टब ओढता ओढता ती चक्क हसली. तो नंबर तिच्या ओळखीचा नव्हता.

साखळ्यांचा खडखडाट झाला, ट्रक घरघरत निघून गेला. जिन्यावरून दोन्या कुका उतरली ती लढाई जिंकल्यासारखी.

"ऐकलंस ना? उचलायला लावली!"

"कुणाची हो आई?"

"मला काय ठाऊक! वरून बघते तर नेमकी माझ्या फाटकाला चिकटवून उभी. पांढरी, काळ्या काचांची. जशी काय बापाची जहागीर! फिरवला फोन. आणि तू कधी आलीस गं? पोरगी कुठाय?"

यारेलीचा हात कडीवर होता. तो तिथेच राहिला. मग तिने कडी ओढली. फाटक उघडलं. समोर पिवळी कड होती, तिच्यावर ऊन पडलं होतं, आणि बाकी काही नव्हतं.

"त्यात आब्रिल होती," ती म्हणाली. आवाज अगदी साधा निघाला, जसं काही त्यात छत्री होती.

"कशात?" दोन्या कुकाने विचारलं. आणि मग तिचं तोंड उघडंच राहिलं.

समोर मक्याच्या पोळ्या घरोघर पोचवणारा तोर्तियावाला गोयो मोटरसायकलला टोपली बांधत होता. यारेली त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. तिने नुसतं रस्त्याच्या टोकाकडे बोट केलं. तो तिचा चेहरा बघूनच चरकला. टोपली त्याने तिथेच रस्त्यावर टाकली.

"बसा वहिनी. घट्ट धरा. बाजारातून लवकर सुटायचा नाही तो."

खरंच, ट्रक बाजारातच अडकला होता. ॲव्होकॅडोवाली आपली छत्री मिटवायला तयार नव्हती आणि ड्रायव्हर खिडकीतून तिच्याशी भांडत होता. यारेली ट्रकच्या दारावर दोन्ही हातांनी बडवायला लागली.

"उतरव! गाडी खाली उतरव!"

"ताई, ओरडून उपयोग नाही. अड्ड्यावर या, दंड भरा, घेऊन जा."

"अरे, उतरव म्हणते ना!"

"नियम आहे ताई. आत माणूस असता तर आम्ही हातसुद्धा लावला नसता. रिकामी गाडी—"

"आत माणूसच आहे रे!"

ड्रायव्हर खाली उडी मारून आला. त्याने काळ्या काचेवर दोन्ही तळवे टेकवून आत पाहिलं आणि मटकन रस्त्यावर बसला.

किल्ली यारेलीच्या मुठीतच होती. ती कुलपात जाईना. गोयोने तिचं मनगट धरून ती लावली. गाडी पुढून उचललेली, सीट मागे कलंडलेली. आब्रिल जागी होती. केस घामाने कपाळाला चिकटलेले, डोळे टक्क उघडे. रडत नव्हती. आईला पाहून तिने आधी एक लांब श्वास घेतला, आणि मग सगळा बाजार गप्प होईल असा टाहो फोडला.

"मी पुकारलं होतं ताई," ड्रायव्हर खालूनच म्हणत होता. "आईची शपथ, तीनदा पुकारलं होतं."

"ऐकलं," यारेली म्हणाली. "मी ऐकलं होतं."

तोवर दोन्या कुका येऊन पोचली. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. आब्रिलने रडता रडताच आजीकडे हात पसरले. म्हातारीने आपले हात पदराखाली लपवल्यासारखे शालीत खुपसले आणि एक पाऊल मागे सरकली.

"मला नको देऊस. या हातांनी फोन केला मी."

यारेलीच्या जिभेवर काय काय आलं होतं. पण स्वतःचं ते हसूही तिच्या कानात अजून वाजत होतं. ती ट्रकच्या चाकाशी बसली, सासूच्या शालीचं टोक धरून तिलाही खाली ओढलं, आणि लेकीला तिच्या मांडीवर ठेवलं. स्वतःचा हात मात्र तिने पोरीच्या पोटावरून काढला नाही.

मागे गाड्यांची रांग लागली होती. भोंगे वाजत होते. कुणीतरी ओरडलं, "ओ बाई, रस्ता काय तुमच्या मालकीचा आहे का?"

दोघींपैकी कुणीच उठलं नाही.