कोहळ्याच्या तीन गाठी

स्वामींनी तीर्थ शिंपडलं आणि हळद माखलेला कोहळा रक्तासारखा लाल झाला. बघायला आमची अख्खी गल्ली जमली होती. पद्मम्मानं तर पटकन हात जोडले.

"चोर याच घराच्या मागावर आहे," स्वामी म्हणाले.

घर आमचं होतं. अम्माचा चेहरा पांढराफटक पडला. पुढच्या महिन्यात अक्काचं लग्न, तिचे सगळे दागिने घरात, आणि पंधरा दिवसांत गल्लीतली दोन घरं फुटलेली, राजव्वाचं आणि पद्मम्माचं.

"भिऊ नको माते. माझ्या कोहळ्याखालून चोर गेला की त्याचे पाय दगडाचे होतात. फक्त लक्ष्मी कुठे बसते ते सांग. कोहळ्याचं तोंड तिकडे करावं लागतं. नंतर तिला हलवू नको, मंत्र तुटतो."

"राजव्वाच्या दारातही कोहळा होता की," मी म्हटलं.

"तिची श्रद्धा सैल होती."

"आणि पद्मम्माची?"

अम्मानं मला कडकडून चिमटा काढला आणि स्वामींच्या कानात सांगितलं, "तांदळाच्या पिंपात." त्यांनी स्वतःच्या हातानं दोरी बांधून कोहळा चौकटीला टांगला.

मला झोप येईना. पद्मम्माच्या बाकीच्या खोल्यांना चोरानं हातही लावला नव्हता. थेट स्वयंपाकघरातले डबे उघडले होते. त्याला कुणी सांगितलं? सकाळी मी दारोदार कोहळ्यांच्या दोऱ्या बघत फिरले. राजव्वाचं सोनं कपाटातून गेलं, तिच्या दोरीला दोन गाठी. पद्मम्माचं स्वयंपाकघरातून, तीन गाठी. शेजारच्या सरोजक्काचं सोनं देवघरात, एक गाठ. आमच्या दोरीला तीन.

एक म्हणजे देवघर, दोन म्हणजे कपाट, तीन म्हणजे स्वयंपाकघर, आणि आमचं पिंप स्वयंपाकघरातच होतं.

"अम्मा, दागिने मामाकडे ठेवू या."

"गप्प बस. स्वामींचा कोप झाला तर तू निस्तरणार आहेस?"

त्या संध्याकाळी बतुकम्मेचा, म्हणजे आमच्या फुलांच्या सणाचा, शेवटचा दिवस. फुलं डोक्यावर घेऊन सगळी गल्ली तळ्यावर जाणार, घरं रिकामी. अम्मा फुलं रचत होती तेव्हा मी स्टुलावर चढले आणि दोन गाठी सोडल्या. एकच ठेवली, देवघराची.

तळ्यावर बायका फेर धरून टाळ्या देत होत्या, आणि मला प्रत्येक टाळीत आमची कडी तुटल्याचा आवाज ऐकू येत होता. माझा अंदाज चुकला तर अक्काचं लग्न मोडणार होतं.

परतलो तेव्हा कुलूप तुटलेलं होतं. देवघरातल्या तसबिरी जमिनीवर, समईखालची फरशीसुद्धा उखडलेली. पिंपाच्या झाकणावर मात्र ताटांची चळत जशीच्या तशी. अम्मानं कोपरापर्यंत हात घातला. गाठोडं वर आलं. ती रडायला लागली आणि तिनं कोहळ्याला हात जोडले.

"स्वामींनी वाचवलं गं."

"स्वामींनी नाही, मी."

गल्ली जमली. मी गाठींचा हिशेब सांगितला. मग नानम्माच्या, म्हणजे आजीच्या, पानाच्या डब्यातला चुना पाण्यात कालवून हळद लावलेल्या भोपळ्यावर शिंपडला. भोपळा लाल झाला. "हे सातवीच्या पुस्तकात आहे," मी म्हटलं.

पद्मम्मा हळूच म्हणाली, "बांगड्या कुठं आहेत, ते मीच सांगितलं होतं त्याला."

स्वामी आणि गाठी वाचून कुलपं तोडणारा त्याचा साथीदार बसस्टँडवर सापडले, पिशवीत तिच्या बांगड्या. दुसऱ्या दिवशी गल्लीतले कोहळे उतरले आणि सांबारात गेले. यापुढे बतुकम्मेला दोघं-दोघं पाळीनं गल्ली राखणार.

भीती मलाही वाटली होती, आणि तुम्हालाही वाटेल. पण घाबरलेल्या माणसाला जो पहिल्यांदा घरातलं गुपित विचारतो, त्याला आधी तुम्हीच प्रश्न विचारा. आणि दाराला चांगलं कुलूप लावा.