उजवी रिकीब

१९९४ साली वसंतात अल्ताईच्या डोंगरात हिमबिबट्यांची मोजणी करायला पथक येणार होतं आणि वाट दाखवायला यादाम जाणार होता. पण हिवाळ्याच्या तोंडाशी तो घोड्यावरून पडला नि डाव्या पायाची नडगी मोडली. हाडवैद्यानं हाड जुळवलं. वसंतापर्यंत यादाम काठीशिवाय चालूही लागला. घोड्यावर मात्र चढता येईना. त्यांच्याकडे डावीकडूनच चढतात. उजवीकडून कुणी आलं की घोडा बुजून उधळतो.

पथक आलं त्या सकाळी त्यानं डाव्या रिकिबीत पाय घातला. पाय लटपटला आणि तो खालीच बसला.

"दुसऱ्या कुणाला न्या," तो मान खाली घालून म्हणाला.

त्याची बायको हांदा लगाम धरून उभी होती. "म्हाताऱ्या, त्या बाजूनं चढ."

"दुसराही पाय मोडायचाय का माझा?"

"चढ तर खरं."

तो उजवीकडून चढला. घोड्यानं कानसुद्धा हलवला नाही.

"हे कधी शिकला हा?"

"तू अंथरुणात कण्हत होतास तेव्हा. रोज मीच चढायचे. शेजारीण म्हणायची, नवरा पायावर पडला, ही डोक्यावर पडलेली दिसते."

"मी जाऊ नये म्हणून तर भांडत होतीस."

"अजूनही तेच म्हणतेय. निघ आता, वाट सुखाची व्हावी म्हणून मला तुझ्यामागे दूध शिंपडू दे."

यादाम पुढे सात वर्षं पथकांबरोबर गेला. घोडा म्हातारा झाल्यावर त्यांनी त्याला रानात मोकळा सोडला. हांदा नवऱ्याच्या आधी गेली. यादामचा पाय तोवर पुरता बरा झाला होता, तरी नव्या घोड्यालाही तीच सवय लावून तो शेवटपर्यंत उजवीकडूनच चढायचा.